कॅमेरा विकत घ्यायचा की भाड्याने आणायचा?

छोटी निर्मिती संस्था उभी राहिली की पहिला मोठा खर्च हमखास कॅमेऱ्यावर होतो. 'दोन फिल्ममध्ये वसूल' असा त्यामागचा हिशेब असतो, पण त्यात किंमत धरलेली असते ती नुसत्या बॉडीची. सेटवर लेन्स, कार्डं, बॅटऱ्या, मॉनिटर, मॅट बॉक्स (लेन्सपुढे नको तो प्रकाश अडवणारी चौकट), एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काच), फॉलो फोकस (फोकस फिरवायची चकती) हे सगळं लागतं, आणि ते बॉडीपेक्षा महाग पडू शकतं.

हिशेब रकमेत न करता भाड्याच्या दिवसांत करून पाहा. समजा, पूर्ण किटची किंमत १०० दिवसांच्या भाड्याइतकी आहे. तीन वर्षांनी विकून ४० परत आले आणि विमा-दुरुस्तीवर वर्षाला ५ गेले, तर खरा खर्च ७५ दिवसांचा. आता २४ दिवसांचं सलग शूट घ्या. सहा दिवसांच्या आठवड्याला चारच दिवसांचं भाडं ठरलं (अशी सवलत मागितली की बहुधा मिळते), तर एका फिल्मचे १६ दिवस होतात. म्हणजे तीन वर्षांत पाच फिल्म केल्या तरच खरेदी परवडते. छोट्या संस्थेकडून तेवढ्या होतात का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

माहितीपटाचं गणित मात्र उलटं. तिथे वर्षात ४० दिवस शूट होतं, पण आज एक, पंधरवड्याने दोन असं विखुरलेलं. आठवड्याची सवलत मिळत नाही, दोन वर्षांत ८० दिवसांचं पूर्ण भाडं जातं, शिवाय अचानक काही घडलं की किट हाताशी नसतं. अशा कामाला स्वतःचा साधा, टिकाऊ कॅमेराच हवा.

भाड्याची खरी जोखीम शूट लांबलं की कळते. पंचविसाव्या दिवशी तेच किट दुसऱ्या कुणाच्या नावावर बुक असतं. म्हणून दोन दिवस जास्तीचे आधीच राखून ठेवा आणि न वापरल्यास किती कापणार ते लिहून घ्या. नुकसान झाल्यास विम्याआधी आपल्या खिशातून किती जाणार, हेही त्याच कागदावर हवं.

किट शूटच्या सकाळी उचलू नका, आदल्या दिवशी उचला. लेन्सला झाकण लावून, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवून मिनिटभर रेकॉर्ड करा. बिघडलेले (हॉट) पिक्सेल काळ्या चित्रात ठिपक्यांसारखे चमकतात. प्रत्येक कार्डावर रेकॉर्ड करून क्लिप परत चालवून बघा. झूम लेन्स टेलीला (पूर्ण झूम इन) फोकस करून वाइडला (पूर्ण झूम आउट) आणा; चित्र मऊ पडलं तर बॅक फोकस, म्हणजे लेन्स आणि सेन्सरमधलं जुळवलेलं अंतर, हललेला आहे. पीएल माउंटमध्ये (सिने-लेन्स कॅमेऱ्याला बसवायची एक प्रमाणित जोडणी) लेन्सची बैठक ते सेन्सर हे अंतर ५२ मिमी असतं आणि त्यात शतांश मिलिमीटरचा फरकही वाइड लेन्सवर दिसतो. मॉनिटरच्या छोट्या पडद्यावर तो लपतो, एडिटला उघडा पडतो. शेवटी सीरियल नंबर आणि आधीच्या ओरखड्यांचे फोटो.

कॅमेरा भाड्याने आणला तरी काही गोष्टी स्वतःच्याच असाव्यात: ट्रायपॉड, चांगला शॉटगन माइक, हेडफोन आणि हार्ड डिस्क. माइक आणि ट्रायपॉड दहा वर्षं सहज चालतात, कॅमेऱ्याची बॉडी चार वर्षांत जुनी होते. डिस्कचा अंदाज नेहमी कमी पडतो. यूएचडी (३८४० बाय २१६० पिक्सेल), सेकंदाला २५ फ्रेम, प्रोरेस ४२२ एचक्यू (एक उच्च दर्जाचा रेकॉर्डिंग फॉरमॅट) म्हणजे तासाला सुमारे ३३० जीबी. रोज दोन तास फुटेज धरलं तर २४ दिवसांत साधारण १६ टीबी, आणि तीन प्रतींचे ४८. कार्ड रिकामं करून परत द्यायचं असतं, त्यामुळे चेकसम (प्रत मूळ फाइलशी तंतोतंत जुळते का हे तपासणारा आकडा) जुळलेल्या दोन प्रती झाल्याशिवाय ते कुणी फॉरमॅट करू नये. भाड्याची कार्डं मोजकीच घेतली की संध्याकाळच्या घाईत नेमकं हेच चुकतं.

तिसरा मार्गही असतो: भागीदाराचा स्वतःचा कॅमेरा. वरवर फुकट वाटतो. त्याचं भाडं ठरवून ते त्याचं भांडवल म्हणून वहीत लिहा, लेन्स फुटली तर कुणी भरायची ते ठरवा, आणि तुमच्या शूटच्या तारखांना त्याला बाहेरचं पैशाचं काम आलं तर कॅमेरा कुठे असणार, हेही.