ऑनलाइन बी.एड.च्या नावाखाली माझे 92,000 बुडाले

आधीच सांगते, मी अडाणी नाही. मराठीत एम.ए. आहे, सहा वर्षं पुण्यात धायरीतल्या एका इंग्रजी शाळेत मराठी शिकवते. पगार 11,000, कारण बी.एड. नाही. तेव्हा "तू कशी काय फसलीस?" हे कृपया विचारू नका. नवऱ्याचं विचारून झालंय, जाऊबाईंचं दोनदा.

ओळख शाळेतल्याच मैत्रिणीकडून निघाली. अप्पा बळवंत चौकाजवळ दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, काचेचं दार. सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा नको, कॉलेज नको, परराज्यातलं विद्यापीठ, सगळं ऑनलाइन. एजंट म्हणाला, "मॅडम, तुमचं एम.ए. आहे ना? नव्या धोरणात एक वर्षाचंच बी.एड. आहे." घरी येऊन शोधलं, तर 2020च्या धोरणात खरंच तसं लिहिलंय! धोरणात असणं वेगळं आणि त्या कॉलेजला मान्यता असणं वेगळं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. वर अनुदानित शाळेत चिकटवून देण्याचं गाजर. तिथली भरती टीईटी, टेट या शिक्षकांच्या परीक्षा आणि सरकारच्या पवित्र पोर्टलवरून होते हे मला चांगलं ठाऊक होतं. तरीही.

नोंदणीचे 1,500 रोख दिले. पहिला हप्ता 45,000, पतसंस्थेचं कर्ज काढून. आणि इथेच माझी अक्कल चरायला गेली. क्यूआर स्कॅन केला तर नाव आलं कुठल्याशा जनरल स्टोअर्सचं. बोट थांबलं. मी विचारलंसुद्धा! "काकांचं खातं आहे, आमच्या खात्याचं आजचं लिमिट संपलं," असं म्हणत त्याने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. अर्धा चहा पिऊन झाल्यावर उठायचं कसं? पिन टाकला. भीड भिकेची बहीण, दुसरं काय.

पुढे 28,000. मग "इंटर्नशिप सूट" म्हणून 12,000. दोन वर्षांच्या बी.एड.ला 20 आठवडे शाळेत काढावे लागतात. आमच्या स्टाफरूममधल्या बायका अजून पाठाच्या वह्यांचं आणि निरीक्षकांच्या लाल शेऱ्यांचं रडगाणं गातात. मला एकही पाठ घ्यावा लागला नाही आणि मी त्याला नशीब समजले! परीक्षाही घरूनच, प्रश्नपत्रिकेची पीडीएफ आदल्या रात्री. शेवटी मार्कलिस्टच्या पडताळणीचे 5,500.

मार्कलिस्ट कुरियरने आली. शाळेतल्या मोठ्या बाईंनी ती ट्यूबलाइटपुढे धरली. "अगं, यावर 2021-23 लिहिलंय. तेव्हा तर तू इथेच आठवीला शिकवत होतीस. रजा कधी घेतलीस?" मी प्रवेश घेतला होता जून 2024 मध्ये. विद्यापीठाला ईमेल केला, उत्तर आलं की असा आसन क्रमांकच नाही. एजंटचा फोन बंद, ऑफिसात आता केटरिंगवाल्याची पातेली.

चौकीत म्हणाले, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही स्वतः ऑफिसात जाऊन दिलेत, हे सायबर कसलं? बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. शिक्षण खात्यातल्या साहेबांनी फाईलमधून मान वर न करता सांगितलं की खासगी एजंटांवर आमचं नियंत्रण नाही. मग कोणाचं आहे? पुन्हा चौकीत गेले तर हवालदार मार्कलिस्ट बघून म्हणतात, "मागच्या तारखेचा कागद तुमच्याच नावावर आहे ना ताई? तुम्हीच अडकाल." मी मागची तारीख टाका म्हटलं नव्हतं हो! लवकर होईल का, एवढंच विचारलं होतं.

पूर्ण ऑनलाइन बी.एड. असा प्रकारच नाही. मुक्त विद्यापीठाचं दूरस्थ बी.एड. आहे, पण ते डी.एड. वगैरे आधी झालेल्या शिक्षकांसाठी, माझ्यासारखीला नाही. कॉलेजचं नाव एनसीटीईच्या, म्हणजे बी.एड.ला मान्यता देणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, मान्यता यादीत स्वतः बघा, एजंटने दाखवलेल्या स्क्रीनवर नाही. विद्यापीठाला फोन लावा, नंबर त्यांच्या संकेतस्थळावरून घ्या. पावती कन्सल्टन्सीच्या नावाने मिळाली तर तिथूनच परत फिरा. आणि पैसे गेल्याचं लगेच कळलं तर तासाभरात 1930 ही सायबर हेल्पलाइन लावा; मी नऊ महिन्यांनी जागी झाले.

परवा चौकीतून निरोप आला, व्हॉट्सअॅपचं सगळं बोलणं छापून आणा, रंगीत. 64 पानं, पानाला 10 रुपये. म्हणजे आता 92,640.