वर लातूर, खाली मिरज : दोन मजली मॉडेल रेल्वेसाठी चढण कोणती?

घरात दोन मजली मॉडेल रेल्वे करायची म्हटलं की माणूस आधी इंजिनं बघत बसतो. गाडी खालून वर कशी चढणार, हे त्याच्या आधी ठरवा. स्केल (मॉडेल खऱ्याच्या कितव्या हिश्श्याचं ते), फिरायला उरणारी जागा आणि खर्च त्याच्यामागून येतात. वाटा तीन: मळसूत्रासारखी गोल चढण, म्हणजे हेलिक्स, भिंतीच्या कडेकडेनं चढत जाणारा रूळ, आणि लिफ्ट. पहिली मी बांधून मोडली, दुसरी सध्या चालू आहे, तिसरी मित्राकडे हातानं चालवून पाहिली.

माझी खोली लातुरात, गच्चीवर, पत्र्याची, १० बाय १२. आराखडा असा की खाली मिरज, वर लातूर. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून पाण्याची गाडी आली होती. १२ एप्रिलला पहिली खेप, १० टाक्या, सुमारे ५ लाख लिटर. ती गाडी मला चालवायची होती. भरलेली वर जाणार, रिकामी खाली येणार, म्हणजे सगळं ओझं चढावर. हे लक्षात ठेवून पुढचे आकडे वाचा.

हेलिक्सचं गणित कागदावर गोंडस दिसतं. एचओ स्केल म्हणजे १:८७, दोन रुळांत अंतर १६.५ मिमी. वळणाची त्रिज्या २४ इंच धरली तर एका वेढ्यात ३.८ मीटर रूळ. प्रत्येक वेढ्याला १०० मिमी उंची, कारण १२ मिमीचा प्लाय आणि रूळ वजा जाता डब्यांना ८० मिमीच्या आसपास मोकळं राहायला हवं. चढ झाला २.६ टक्के. कसारा घाटाचा १:३७ म्हणजे २.७, आणि तिथं मागून बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिन, लावावं लागतं! शिवाय सतत वळणाचं घर्षण आहे. ते धरलं तर इंजिनाला हाच चढ ४ टक्क्यांच्या जवळ जातो. माझं एक इंजिन दहा टाक्या घेऊन दुसऱ्या वेढ्यात जागच्या जागी चाकं फिरवत उभं राहायचं. दोन इंजिनं जोडली, तर ताण पडून मधल्या हलक्या टाक्या वळणाच्या आत कलंडायच्या.

जागा वाचवायला त्रिज्या कमी करावी, असं प्रत्येकाला वाटतं. त्यानं वेढा लहान होतो आणि चढ वाढतो. ती वाट बंद समजा.

बांधकामही सोपं नाही. प्लायची शीट ४ फूट रुंद आणि वेढा बाहेरून ४ फूट ४ इंच, त्यामुळे कमानीसारखे तुकडे कापून जोडावे लागतात. ते थ्रेड रॉडवर, म्हणजे आटे पाडलेल्या सळ्यांवर, नट-वॉशरनं मिलिमीटर मिलिमीटर वर-खाली करताना बघून आमचा सुतार म्हणाला, “दादा, हे लेकराच्या पाळण्याचं काय करायलाव?” दोन मजल्यांत ४० सेंमी अंतर म्हणजे चार वेढे, १५ मीटर रूळ. खऱ्या ४० किमी वेगाच्या हिशेबानं गाडी त्यात दोन मिनिटं गडप. पाहुण्यांची पोरं तोवर खाली अंगणात.

आणि आमचा उन्हाळा. पत्र्याखाली सकाळ-दुपारच्या तापमानात २० अंशांचा फरक पडला, तर १५ मीटर रूळ सुमारे ५ मिमी वाढतो. मी गाडीला झटका बसू नये म्हणून सगळे सांधे सोल्डर केले होते. मार्चमध्येच तिसऱ्या वेढ्यात रूळ बाहेर फुगला, आणि तिथं हात घालायचा तर मान तिरकी करून पोटावर झोपायचं. थोड्या थोड्या अंतरावर सांध्यात व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट सोडा. भिंतीकडेच्या रुळालाही हा नियम आहे, फक्त तिथं चूक उभ्यानं दुरुस्त होते.

भिंतीची चढण बघू. १० बाय १२ च्या खोलीत कोपरे गोल घेतले की एक फेरी साधारण ११ मीटर पडते. २ टक्क्यांनी एका फेरीत २२ सेंमी, दोन फेऱ्यांत ४४. स्टेशनं सपाट ठेवावी लागतात म्हणून तेवढी उंची कमी मिळते. मी ३६ वर थांबलो आणि वरची फळी फक्त ३५ सेंमी रुंद ठेवली. नाहीतर खालच्या यार्डात हात जात नाही. वरच्या फळीखाली एलईडी पट्टी लागतेच. यात मला एक गोष्ट मिळाली जी हेलिक्स देत नाही: अर्ध्या वाटेवर कुर्डुवाडी. चढताना गाडी दिसते, मध्ये थांबते, क्रॉसिंग होतं. दारापुढं मात्र उचलायची फळी येते आणि भिंतीत पन्नासेक भोकं पडतात. भाड्याच्या घरात मालक ते खपवून घेणार नाही.

भाडेकरूंसाठी लिफ्ट. ड्रॉवरच्या चॅनलवर सरकणारी फळी, दोरी, वजन. रूळ समोरासमोर आणायला पितळी टॉवर बोल्ट वापरा. त्याच बोल्टमधून करंट घेतला तर कडी लागल्याशिवाय फळीवरच्या रुळात वीजच येत नाही. लिफ्टच्या अलीकडचा फूटभर रूळही त्याच बोल्टवर टाका, नाहीतर इंजिन सरळ फरशीवर. अडचण लांबीची. एचओत दहा टाक्या आणि इंजिन दीड मीटरच्या वर जातं. छोटी मिश्र गाडी असेल तर लिफ्ट चालेल, पण चढण चढल्याची गंमत त्यात नाही.

एन स्केल, म्हणजे १:१६०, घेणार असाल तर माझं मत बदलतं. तिथं ३० सेंमी त्रिज्येत वेढ्याला ५० मिमी उंची पुरते, चढ २.७ टक्के, आणि सगळं अडीच फुटांच्या कोपऱ्यात बसतं. पाच-सहा डब्यांच्या गाडीला ते झेपतं. जुन्या बार्शी लाइटची, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेची, हौस असेल तर एनचे ९ मिमी अंतराचे रूळ आणि वर १:८७ चे डबे ठेवा. त्या लाइनच्या दोन रुळांत ७६२ मिमी अंतर होतं, हिशेब जवळपास जुळतो. पण डब्यांची उंची एचओचीच राहते, तेव्हा तिला छोट्या हेलिक्समध्ये घालू नका, भिंतीनंच चढवा.

एचओ, स्वतःचं घर आणि एकच खोली असेल तर मी भिंतच सांगेन. फक्त ब्रॅकेट ठोकायच्या आधी दार कुठं उघडतं ते बघा. माझं आत उघडायचं. बिजागऱ्या काढून बाहेरच्या बाजूला लावल्या, तेव्हा कुठं उचलायची फळी बसली.