रिकामी बाटली परत देऊ नका

आईच्या कॅन्सरच्या बनावट इंजेक्शनांपायी 81,600 रुपये गेले. आधी 50,000, तासाभराने 31,600, दोन्ही यूपीआयने, माझ्याच हाताने. लिहायला लाज वाटते, कारण मी इथे इंदूरला एका कंपनीत अकाउंट्स बघतो, लोकांची बिलं तपासणं हेच माझं काम. पण हॉस्पिटलच्या डे-केअरच्या, म्हणजे केमो देतात त्या विभागाच्या, बाकावर आजही कुणाचा तरी मुलगा, कुणाची तरी सून हिशोब जुळवत बसली असेल, म्हणून लिहितोय.

आई 63 वर्षांची. स्तनाचा कॅन्सर, हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे हर-टू नावाच्या प्रथिनामुळे वाढणारा. मे 2024 मध्ये ऑपरेशन, मग आठ केमो, आणि पाचव्या केमोपासून ट्रास्टुझुमॅब, हे त्या हर-टूवरचं इंजेक्शन, दर 21 दिवसांनी, वर्षभर. मेडिक्लेमचे पाच लाख नोव्हेंबरात संपले. आयुष्मान कार्ड उत्पन्न न बघता मिळतं ते 70 पूर्ण झाल्यावर. या इंजेक्शनचा पाचवा डोस हॉस्पिटलच्या मेडिकलमधून 21,800 ला घेतला.

आणि नेमकी तेव्हाच आई सावरत होती. 47 किलोवर गेलेलं वजन 52 वर आलं. पाणीसुद्धा लोखंडासारखं लागतं म्हणणारी आई एका सकाळी म्हणाली, ‘पोह्यांवर जरा शेव टाक रे.’ डोक्यावर कोवळी लव दिसायला लागली. आधी पलंगापासून खिडकीपर्यंत, मग जिन्यापर्यंत, मग लोकमान्य नगरातल्या आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत ती चालायला लागली. अशा वेळी पैशांपायी डोस चुकवायचा? तुम्ही चुकवला असता?

तो माणूस डे-केअरच्या बाहेर भेटला. सगळ्या नर्सना नावाने ओळखायचा, पेशंटची व्हीलचेअर ढकलायचा. ‘भैय्या, वही कंपनी, वही इंजेक्शन, चौदह हज़ार दो सौ.’ आता म्हणाल, इतकं स्वस्त कसं, हा प्रश्न नाही पडला? नाही पडला, कारण या औषधांवर छापलेली किंमत आणि हातात पडणारा भाव यांत एरवीही एवढं अंतर असतं की खरं काय तेच कळत नाही. पहिल्या बाटलीबरोबर त्याने बिल दिलं. मी जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघितला, बरोबर होता. बॉक्सवरच्या नंबरवर कंपनीला फोन केला, बॅचही त्यांचीच निघाली. मी डोळे मिटून पैसे दिलेले नाहीत.

14 जानेवारीला सहावा डोस झाला. संक्रांतीचा दिवस होता. सलाईन संपल्यावर नर्सने रिकामी बाटली आणि बॉक्स माझ्या हातात दिला. हा लगेच आला. ‘खाली शीशी और डिब्बा दे दीजिए, कंपनी को हिसाब देना पड़ता है.’

तो क्षण मी रोज रात्री आठवतो. रिकाम्या बाटलीचा कसला हिशोब? दिल्लीत मार्च 2024 मध्ये पोलिसांनी टोळी पकडली होती, कॅन्सरच्या महागड्या इंजेक्शनांच्या रिकाम्या बाटल्या जमवून त्यांत बुरशीवरचं स्वस्त औषध भरून विकणारी. ती बातमी मी वाचलेली होती. तरी बाटली स्वच्छ पिशवीत घालून दिली, वर आईने आदल्या रात्री बसून वळलेले तिळाचे लाडू दिले. ‘माँजी को मेरा प्रणाम,’ म्हणाला.

रिकामी बाटली नर्ससमोर फोडायला लावा, निदान लेबलवर पेनाने काट मारा. बॉक्स फाडा.

29 जानेवारीला त्याचा फोन आला. मार्च क्लोजिंग आहे, सहा बाटल्या एकदम घेतल्या तर 13,600 ला एक. बिल ‘इकट्ठा’ मार्चमध्ये. खातं एका बाईच्या नावाचं, म्हणे बायको. बिलाशिवाय पाच रुपयेही पास न करणारा मी! पुढच्या चार महिन्यांचे डोस फ्रिजमध्ये आले, आता आईचं मध्येच अडणार नाही, एवढंच त्या दिवशी डोक्यात होतं. थर्माकोलचा डबा आला तो कोमट होता. हे औषध 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. डबा कोमट लागला की तिथेच परत करा, पुढचं ऐकूच नका.

4 फेब्रुवारीला नर्सने बाटली उजेडात धरली आणि थांबली. आधीच्या बाटल्यांत तळाशी पांढरी वडी बसलेली असायची. हिच्यात भुकटी सैल हलत होती. वरचं प्लास्टिकचं झाकण काढलं तर रबरावर सुईचं भोक. ‘ये नहीं लगेगा,’ एवढंच बोलली. त्या मुलीचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. घरी येऊन बाकीचे बॉक्स उघडले. एकाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला निळ्या पेनाने आकडा होता, 6. फाईलसाठी मी प्रत्येक बॉक्सवर डोसचा नंबर लिहितो. अक्षर माझंच.

म्हणजे सहावा डोस तरी खरा होता का? याचं उत्तर मला कुणी देत नाही.

त्याचा फोन बंद. ठाण्यात सांगितलं, दवाई का मामला है, औषध निरीक्षकाकडे जा. तिथे म्हणाले बिल दाखवा, आणि बिल नसेल तर पैशांसाठी ठाण्यातच जा. बँक म्हणाली पिन तुम्हीच टाकला. हॉस्पिटलने मी सही केलेला फॉर्म पुढे केला, बाहेरच्या औषधाची जबाबदारी आमची नाही. मग तो माणूस रोज तुमच्याच पॅसेजमध्ये कसा उभा असायचा? सीसीटीव्ही दाखवायला पोलिसांचं पत्र हवं, पत्राला एफआयआर हवा, एफआयआरला औषधाचा रिपोर्ट हवा, आणि सॅम्पल न्यायला माणूस नाही! माझ्या अक्षरातला तो 6 मी चार टेबलांवर दाखवला. एका साहेबांनी तो बॉक्स बाजूला सारून चहाचा कप ठेवला. माझ्या आईच्या नसेत हे जाणार होतं, साहेब.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पहिल्या तासात फोन करा, पैसे पुढे सरकण्याआधी. मी सहा दिवसांनी केला, तोवर खातं रिकामं झालं होतं.

नव्या बाटलीचे 21,800 जमवायला अकरा दिवस गेले. आईने न विचारता पाटल्या काढून दिल्या. आठवड्याहून जास्त उशीर झाला म्हणून डॉक्टरांनी पुन्हा लोडिंग डोस, म्हणजे सुरुवातीला देतात तो मोठा डोस, दिला, किलोला 6 ऐवजी 8 मिलिग्रॅम. वजन 54 निघालं. दोन किलो वाढलं बघून आई खूश झाली, आणि मी बाहेर येऊन रडलो.

उघडलेल्या बाटलीसकट सहाही बाटल्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आहेत. सॅम्पल न्यायला अजून कुणी आलेलं नाही.