नव्या डेस्कटॉपसाठी मदरबोर्ड: बी५५०, बी७६० की बी६५०?

मध्यम बजेटचा नवा पीसी जोडायचा म्हटलं की दुकानदार साधारण तीन प्रकारचे बोर्ड पुढे करतो: एएमडीचा जुना एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) असलेला बी५५०, इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचा बी७६० आणि एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटचा बी६५० किंवा त्याच्यानंतर आलेला बी८५०. तिन्हींवर उत्तम मशीन उभं राहतं. फरक पडतो तो दोन-तीन वर्षांनी, प्रोसेसर बदलावासा वाटतो तेव्हा. म्हणून आज कोणता प्रोसेसर लावणार एवढंच पाहून बोर्ड घेऊ नका. उद्या त्याच सॉकेटवर काय लागू शकेल आणि हातातली रॅम कोणती आहे, या दोन गोष्टी आधी बघा.

| | बी५५० | बी७६० | बी६५० / बी८५० |
|---|---|---|---|
| सॉकेट | एएम४ | एलजीए १७०० | एएम५ |
| रॅम | डीडीआर४ | डीडीआर४ किंवा डीडीआर५, बोर्डानुसार | फक्त डीडीआर५ |
| ग्राफिक्स स्लॉट | पीसीआयई ४.० (कार्ड आणि एसएसडी जोडणारी वाट; आकडा मोठा तितकी वेगवान) | ४.० किंवा ५.०, बोर्डानुसार | ४.० किंवा ५.०, बोर्डानुसार |
| प्रोसेसर ओव्हरक्लॉक (ठरल्यापेक्षा जास्त गतीने चालवणं) | होतो | होत नाही | होतो |
| प्रोसेसर कुठपर्यंत | रायझन ५००० | १४ वी पिढी | रायझन ७०००, ८०००, ९००० आणि पुढे |

रॅम हातात आहे का?

२०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव इतके चढले की हा प्रश्न आता पहिला झाला. जुन्या मशीनमध्ये ३२०० गतीची १६ किंवा ३२ जीबी डीडीआर४ असेल तर ती वापरता येणारे बोर्ड दोनच: बी५५० आणि बी७६० ची डीडीआर४ आवृत्ती. बी७६० घेताना नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. एकाच मॉडेलची डीडीआर४ आणि डीडीआर५ अशी दोन रूपं विकली जातात, आणि बहुतेक वेळा नावाच्या शेपटीला लागलेला ‘डी४’ एवढाच फरक असतो. खाच वेगळ्या जागी असल्यामुळे एकाची स्टिक दुसऱ्यात बसत नाही. जोर लावला तर स्लॉट फुटतो.

इंटेलच्या नावात ‘के’ नसलेल्या (ओव्हरक्लॉक न होणाऱ्या) प्रोसेसरवर, उदाहरणार्थ १२४०० वर, ३६०० ची डीडीआर४ गिअर १ मध्ये (मेमरी कंट्रोलर रॅमच्याच गतीने चालतो त्या प्रकारात) चालेलच असं नाही, कारण प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचं व्होल्टेज वाढवता येत नाही. ३२०० ला मात्र ती निवांत चालते. तेव्हा असलेली ३२०० ची रॅम टाकून ३६०० ची विकत घेण्यात काही अर्थ नाही.

रॅम नव्यानेच घ्यायची असेल तर चित्र उलटतं. आज डीडीआर४ मध्ये घातलेला पैसा पुढच्या बोर्डावर उपयोगी पडत नाही.

बी५५०: शेवटच्या टप्प्यातला, पण भरवशाचा

जून २०२० मध्ये आलेल्या या चिपसेटचे (बी५५० हे बोर्डावरच्या मुख्य चिपचं नाव) बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) आता पूर्ण मुरलेले आहेत. रायझन ५ ५६०० किंवा रायझन ७ ५७००एक्स लावा, काम झालं. सॉकेटचा शेवटही इथेच येतो. गेमिंगसाठी वरच्या पायरीवर ५७००एक्स३डी आणि ५८००एक्स३डी (एक्स३डी म्हणजे जास्तीची कॅश मेमरी असलेले) हे दोनच प्रोसेसर आहेत आणि तेही नवे सहजासहजी मिळत नाहीत.

इथे एक सापळा आहे. स्वस्तात मिळणारे ५५०० आणि ५६००जी पीसीआयई ३.० वरच थांबतात, बोर्डावर ४.० लिहिलेलं असलं तरी. आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरणारं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० सारखं, अशा प्रोसेसरसोबत थोडी गती गमावतं. थोडे पैसे घालून साधा ५६०० घेणं केव्हाही बरं.

आधीपासून बी४५० बोर्ड असेल तर बी५५० वर जाऊ नका. बायोस अपडेट करून ५००० मालिकेतला प्रोसेसर बसवा आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला.

बी७६०: वॅटचा हिशोब आधी

इथे सगळ्यात जास्त चुका होतात त्या वीजपुरवठ्याच्या भागात. प्रोसेसरच्या खोक्यावर ६५ वॅट छापलेलं असतं, पण ती मूळ गतीची खपत. टर्बोमध्ये, म्हणजे गती वाढवून चालताना, १२४०० ची मर्यादा ११७ वॅट, १४४०० ची १४८ आणि ‘के’ नसलेल्या १४७०० ची तब्बल २१९ वॅट. सॉकेटच्या डावीकडच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) ॲल्युमिनियमचा हीटसिंकच नसलेला स्वस्त बी७६० बोर्ड ११७ वॅट झेलतो. त्याच बोर्डावर १४७०० लावून अर्धा तास व्हिडिओ रेंडर करा: व्हीआरएम तापतं, बोर्ड प्रोसेसरची वीज कापतो आणि गती खाली येते. कॅबिनेटचे पंखे वाढवून थोडा फरक पडतो, मूळ दुखणं तसंच राहतं. आय५ साठी साधा बोर्ड चालेल. आय७ लावायचा असेल तर व्हीआरएमच्या दोन्ही बाजूंना हीटसिंक असलेलाच घ्या.

एच६१० या त्याच सॉकेटच्या स्वस्त चिपसेटच्या मोहात पडू नका, ऑफिसचं साधं मशीन असेल तर गोष्ट वेगळी. रॅमचे दोनच स्लॉट, रॅमची गती वाढवायची सोय नाही, आणि एम.२ स्लॉट (एसएसडीचा) चिपसेटच्या पीसीआयई ३.० लेनवर. ४.० ची महाग एसएसडी तिथे अर्ध्या गतीने धावते.

१३ व्या आणि १४ व्या पिढीच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरतेचा दोष निघाला होता. इंटेलने २०२४ मध्ये त्यासाठी ०x१२९ आणि ०x१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे अपडेट) दिले आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. हे मायक्रोकोड बोर्डाच्या बायोसमधून येतात. त्यामुळे विंडोज टाकण्याआधी बायोस अपडेट करा, ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नका. एलजीए १७०० सॉकेटही १४ व्या पिढीवर संपला. पुढच्या कोअर अल्ट्रा २०० साठी एलजीए १८५१ चा वेगळा बोर्ड लागतो.

बी६५० आणि बी८५०

सगळंच नवं घेत असाल तर आमचा कौल इथे. एएम५ सप्टेंबर २०२२ मध्ये आला आणि एएमडीने तो २०२७ आणि त्यापुढेही चालवण्याचं जाहीर केलं आहे. आज रायझन ५ ७६०० लावून पुढे त्याच बोर्डावर आठ कोअरचा एक्स३डी बसवता येतो. पुढच्या पिढ्यांची ही वाट बाकी दोघांकडे नाही.

बी६५० आणि बी८५० यांत गोंधळायचं कारण नाही. बी८५० मध्ये प्रोसेसरला जोडलेला एक एम.२ स्लॉट पीसीआयई ५.० असणं बंधनकारक आहे, बी६५० मध्ये ते उत्पादकाच्या मर्जीवर. ५.० ची एसएसडी घरगुती वापरात जाणवत नाही, तेव्हा चांगल्या व्हीआरएमचा बी६५० स्वस्तात मिळाला तर तो उचला. बी८४० हा मात्र नावाने फसवणारा प्रकार. प्रोसेसर ओव्हरक्लॉक नाही आणि चिपसेटच्या लेन ३.० च्या. एक्स८७० मध्ये यूएसबी४ सक्तीचं आहे आणि अनेक बोर्डांवर त्याच्या लेन दुसऱ्या एम.२ स्लॉटशी वाटून घेतलेल्या असतात. यूएसबी४ लागत नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

एएमडीचा वॅटचा हिशोब सोपा आहे. ६५ वॅटचा प्रोसेसर ८८ वॅटपर्यंत खेचतो, १०५ चा १४२ पर्यंत, १७० चा २३० पर्यंत. ७८००एक्स३डी ची मर्यादा १६२ असली तरी गेममध्ये तो तिच्या आसपासही जात नाही, मध्यम बोर्डावर सुखाने राहतो. एएम५ च्याच स्वस्त ए६२० चिपसेटचे काही बोर्ड फक्त ६५ वॅटच्या प्रोसेसरसाठीच बनवलेले असतात. त्यांची सपोर्ट यादी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

रॅम दोनच स्टिकमध्ये घ्या. रायझन ७००० दोन स्टिकवर अधिकृतपणे ५२०० देतो, चार स्टिकवर थेट ३६०० वर उतरतो. ‘आत्ता १६ घेऊ, नंतर अजून १६ टाकू’ हा डीडीआर४ च्या काळातला हिशोब इथे अंगाशी येतो. ६००० सीएल३० ची १६-१६ ची जोडी घ्या, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा आणि बायोसमध्ये एक्स्पो (रॅम छापलेल्या गतीने चालवण्याची सेटिंग) चालू करा.

रायझन ५ ८५००जी लावणार असाल तर जरा थांबा. त्याच्याकडून ग्राफिक्स कार्डाला चारच लेन मिळतात, आणि बोर्डावरचा एखादा एम.२ स्लॉट निम्म्या लेनवर चालतो किंवा बंदच राहतो.

दुकानात आणि जोडताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या की ऑनलाइन, मॉडेल ठरलं की मॅन्युअलची पीडीएफ उतरवून स्टोरेजचं पान वाचा. अनेक बी५५० बोर्डांवर दुसरा एम.२ भरला की ५ आणि ६ क्रमांकाचे साटा पोर्ट बंद होतात. जुन्या हार्ड डिस्क लावणाऱ्याला हे आधी कळलेलं बरं. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला टाइप-सी असेल तर बोर्डावर त्याचा वेगळा हेडर (केबल लावायची जागा) आहे का तेही बघा, स्वस्त बोर्डांत तो गाळलेला असतो. आकाराचं फार मनावर घेऊ नका. २४४ बाय २४४ मिलिमीटरचा मायक्रो एटीएक्स बहुतेकांना पुरतो.

बायोस फ्लॅशबॅकचं बटण मात्र हवंच. बोर्ड गोदामात वर्षभर पडून असेल आणि त्याचा जुना बायोस तुमच्या रायझन ९००० ला ओळखत नसेल, तर याच बटणाने सुटका होते. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, बायोसच्या फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव द्या, मागच्या खूण केलेल्या यूएसबी पोर्टमध्ये लावा, २४ पिनची आणि ८ पिनची केबल जोडा आणि एसएमपीएस चालू करून बटण दाबून धरा. प्रोसेसर लागत नाही. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज जाणार नाही एवढी काळजी घ्या. यूपीएस असेल तर त्यावरच करा.

एएम५ वर पहिल्यांदा चालू केल्यावर बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो आणि स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. घाबरून वीज बंद केली की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. दहा मिनिटं थांबूनही काही दिसलं नाही तर मॉनिटरची केबल तपासा. ७५००एफ किंवा इंटेलच्या ‘एफ’ प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं, त्यामुळे केबल बोर्डाऐवजी ग्राफिक्स कार्डातच लागली पाहिजे.

एलजीए १७०० आणि एएम५ दोन्हींवर पिना सॉकेटमध्ये असतात. प्रोसेसर सरळ वरून ठेवा, सरकवू नका. वाकलेली पिन वॉरंटीत येत नाही. सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण खोक्यात जपून ठेवा, बोर्ड सर्व्हिस सेंटरला द्यायची वेळ आली तर ते मागतात. बिलावर बोर्डाचा सीरियल नंबर लिहून घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका.