बाल न्याय मंडळासमोर: मोफत वकील की खासगी?

शेजारच्या काकूंचा सोळा वर्षांचा नातू मारामारीत सापडला, निरीक्षणगृहात (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे) गेला. प्रकरण बाल न्याय मंडळासमोर, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांवरचे गुन्हे ऐकणाऱ्या मंडळासमोर. काकू बांगड्या गहाण टाकायला निघालेल्या. "फुकटचा वकील काय कामाचा रे?"

खर्चाचं उत्तर सोपं आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार मुलाला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. 15100 वर फोन करून विचारता येतं. खासगीत तारखेगणिक पैसे, वर झेरॉक्स-टायपिंग म्हणून जे निघतं ते वेगळंच.

जामिनासाठी मात्र महागडा वकील लागतोच असं नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 12 सांगतं, जामीन द्यायचा, जामीनदार नसला तरी. मूल गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका होईल किंवा न्यायालाच बाध येईल असं दिसलं तरच नाकारतात. म्हणून परिवीक्षा अधिकाऱ्याचा, म्हणजे मुलाच्या घरची चौकशी करणाऱ्या प्रोबेशन ऑफिसरचा, अहवाल मोलाचा. घरी दिवसभर कोण असतं, शाळा परत घेते का, हे तो विचारतो. काकूंनी बोनाफाईड आणि मामाचं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेलं. ते काम कुठल्याच वकिलानं केलं नसतं.

पाठपुराव्यात खासगी सरस. मोफत वकिलाला मंडळाच्या दारातच गाठावं लागतं.

साधा गुन्हा आणि घरात धावपळ करणारं कुणी असेल तर मोफतच घ्या. मूल सोळा पूर्ण आणि गुन्ह्याची कायद्यातली किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त असेल, तर प्राथमिक मूल्यांकनानंतर (मुलाला आपण काय केलं याची समज होती का, हे मंडळ तपासतं) प्रौढांसारखा खटला चालू शकतो; तिथे पैसे मोडा, पण बाल न्याय मंडळात काम केलेल्या वकिलावरच.