‘४० कोर’चा सर्व्हर घेताय? आधी प्रोसेसरचा मॉडेल नंबर मागा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. सुताची आवक, बीम, लूमचं उत्पादन, डिस्पॅचची बिलं, सगळं एकाच डेटाबेसवर चालतं. जुना सर्व्हर दमला म्हणून मालकांनी शहरातल्याच एका विक्रेत्याकडून नवा मागवला. नाव लिहीत नाही, प्रकरण वकिलांकडे आहे.

कोटेशनमधली ओळ अशी होती: ‘ड्युअल झिऑन, ४० कोर, १२८ जीबी रॅम, २ टीबीच्या चार एंटरप्राइज डिस्क, रेड ५, तीन वर्षं वॉरंटी.’ झिऑन हे इंटेलच्या सर्व्हर प्रोसेसरचं नाव, कोर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा एकेक भाग, आणि रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून वापरायची पद्धत. प्रोसेसरचा मॉडेल नंबर कुठेच नाही. बिलावर तर नुसतं ‘सर्व्हर, १ नग’. विचारलं की एकच उत्तर, “मालक, कोरा माल हाय की वो, काळजी कशाला करताय?”

बिंग फुटलं ते लायसन्समुळे. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरचं लायसन्स कोरवर मोजतात आणि विक्रेत्याने ४० कोरचं कोटेशन दिलं होतं. रक्कम बघून आम्ही पुण्यातल्या एकाकडे दर विचारला, तर त्याने आधी प्रोसेसरचं नाव मागितलं. टास्क मॅनेजर उघडला. कोर २०, लॉजिकल प्रोसेसर ४०. एकाच कोरवर दोन कामं आलटूनपालटून चालतात, त्यांना थ्रेड म्हणतात. म्हणजे थ्रेडलाच कोर म्हणून विकलेलं. प्रत्यक्ष मशीनवर लायसन्स खऱ्या कोरचं लागतं, थ्रेडचं नाही. विक्रेत्याचं ऐकलं असतं तर दुप्पट पैसे गेले असते.

आणि प्रोसेसर कोणता? ई५-२६९० व्ही२. ही पिढी बाजारात आली २०१३ साली! मग सर्व्हरच्या पाठीवरचा सर्व्हिस टॅग, म्हणजे त्या मशीनचा ओळख क्रमांक, कंपनीच्या साइटवर टाकला, तर मूळ वॉरंटी केव्हाच संपलेली. जुन्या मालाला माझा विरोध नाही. टेस्टिंगला, बॅकअपला तो चांगला चालतो. पण जुना म्हणून, जुन्याच्या भावात द्या ना.

खरी लबाडी डिस्कमध्ये होती, तिथे जरा सविस्तर लिहितो. दुपारी डिस्पॅचच्या गर्दीत बिल सेव्ह व्हायला इतका वेळ लागायचा की ड्रायव्हर गेटवर हॉर्न वाजवत बसायचे. विक्रेता म्हणे तुमचं सॉफ्टवेअर खराब. वास्तविक ७,२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला साधारण ७५ ते १०० विखुरलेली कामं करते. रेड ५ मध्ये एक छोटी नोंद लिहायची तर जुना डेटा वाच, जुनी पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत मिळवायची जादा नोंद) वाच, मग दोन्ही नव्याने लिही, अशी चार कामं होतात. रेड १० मध्ये प्रत्येक नोंदीची जोडीच्या डिस्कवर नक्कल असते, तिथे दोनच. म्हणजे रेड ५ मध्ये चार डिस्क लावूनही लिहिण्याचा वेग जेमतेम एका डिस्कएवढा. हे झाकायला रेड कंट्रोलरवर, म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या कार्डवर, बॅटरीवाला कॅश असतो, लिहायचं ते आधी झेलून ठेवणारी मेमरी. आमच्या कंट्रोलरची बॅटरी मेलेली निघाली, त्यामुळे तो कॅश बाजूला ठेवून थेट डिस्कवर लिहीत होता. डेटाबेस तर प्रत्येक बिलाची नोंद लॉगमध्ये पक्की झाल्याशिवाय पुढे सरकत नाही.

स्मार्टसीटीएल या डिस्क तपासायच्या प्रोग्रामने डिस्कचे चालू तास काढले. दोन डिस्कवर ४०,००० च्या वर. वर्षाचे तास होतात ८,७६०, हिशोब तुम्हीच करा. उरलेल्या दोन जवळजवळ शून्यावर, म्हणून त्या तरी नव्या असतील असं वाटलं. पण हा आकडा पुसता येतो. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात सीगेटच्या वापरलेल्या डिस्क अशाच तास पुसून नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं होतं. त्या डिस्कमध्ये फार्म नावाची वेगळी नोंद असते, ती स्मार्टसीटीएल ७.४ पासून वाचता येते. आमच्याही सीगेटच्याच होत्या. वाचली, तर त्याही वर्षानुवर्षं कुठेतरी राबून आलेल्या.

ग्राहक आयोगात जायचं ठरवलं होतं. वकिलांनी थांबवलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू सहसा बसत नाही, स्वतःच्या उपजीविकेपुरता धंदा असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून नोटीस पाठवली.

कारखाना थांबून चालत नाही, तेव्हा दुसरीकडून मशीन घेतलं. एकच प्रोसेसर, ८ कोर, पण क्लॉक, म्हणजे एकेका कोरचा वेग, जास्त. आमच्या बिलांच्या क्वेरी एकेका कोरवरच चालतात. लायसन्सही ८ कोरचंच. डेटाला वीज गेल्यावर कॅशमधलं लिहून पूर्ण करणाऱ्या दोन सर्व्हर एसएसडी, मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, तिथे साध्या डेस्कटॉप एसएसडीवर हिशोब ठेवू नका. या वेळी प्रत्येक भागाचा मॉडेल आणि सिरियल नंबर बिलावर घेतला.

पहिल्या विक्रेत्याचा शेवटचा हप्ता आम्ही अडवून ठेवलाय. त्याचा माणूस अधूनमधून मागायला येतो. चारही डिस्क नव्या होत्या एवढं लेटरहेडवर लिहून दे म्हटलं की चहा पिऊन निघून जातो.