डग्ग्याच्या घुमाऱ्यासाठी सबवूफर : एसव्हीएस एसबी-१००० प्रो

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला सबवूफर, म्हणजे फक्त सर्वांत खालचे स्वर वाजवणारा वेगळा स्पीकर, कशाला हवा, असे मला अनेकांनी विचारले. कोल्हापुरात मंगळवार पेठेतील आमच्या जुन्या घरात केईएफ क्यू१५० हे छोटे स्पीकर काही वर्षे आहेत आणि त्यांवर गाणे फार सुरेख ऐकू येते. उत्पादकाच्या आकड्यांनुसार ते ५१ हर्ट्झपर्यंत (सेकंदाला ५१ कंपनांपर्यंत) खाली उतरतात. काळी एक या पट्टीत लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झचा, म्हणजे तोही त्यांच्या आवाक्यातला. तरीही डग्गा आणि पखवाजाची कणीक लावलेली बाजू तोकडी वाटत असे. थाप ऐकू येई, पण इथल्या देवल क्लब या संगीतसंस्थेत समोर बसून ऐकताना छातीशी जाणवतो तो घुमारा त्यांत नव्हता. हीच उणीव भरून काढण्यासाठी मी एसव्हीएस कंपनीचा एसबी-१००० प्रो हा सबवूफर घेतला.

हा बंद पेटीचा, १२ इंची ड्रायव्हरचा (आवाज काढणाऱ्या पडद्याचा) आणि ३२५ वॅटचा सबवूफर आहे, आणि २० हर्ट्झपर्यंत उतरण्याचा त्याचा दावा आहे. १४ बाय ११ फुटांच्या आमच्या खोलीला ही ताकद पुरून उरते, त्यामुळे ताकदीविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. खरा प्रश्न होता तो स्पीकरशी त्याची सांधेजोड करण्याचा.

पहिल्या दिवशी मी तो सोयीच्या कोपऱ्यात ठेवला आणि निराश झालो. डग्ग्याचे काही स्वर खोलीभर गरजत होते, तर काही जणू वाजलेच नव्हते. याचे कारण सबवूफरमध्ये नव्हते, खोलीत होते. १४ फुटांच्या लांबीत ४० हर्ट्झच्या आसपास आणि ११ फुटांच्या रुंदीत ५१ हर्ट्झच्या आसपास ध्वनिलहरी भिंतींमध्ये उभ्या राहतात. भिंतीलगत त्या फुगतात आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीशा होतात. आमची खुर्ची नेमकी लांबीच्या मध्यावर होती. ती दोन फूट मागे सरकवताच खालचे स्वर परत आले. जुन्या घराच्या जाड विटांच्या भिंती खर्ज बाहेर जाऊ देत नाहीत, म्हणून हा दोष इथे अधिक तीव्र असतो. मात्र वरचा लाकडी माळा थोडा हलून काही ऊर्जा शोषून घेतो, हे आमचे सुदैव.

त्यानंतर एक जुनी आणि खात्रीची युक्ती वापरली. सबवूफर उचलून ऐकण्याच्या खुर्चीवर ठेवला, एकतालाचे ध्वनिमुद्रण लावले आणि जमिनीलगत कान नेत भिंतीकडेने फिरलो. जिथे डग्गा सर्वांत समतोल ऐकू आला तीच सबवूफरची जागा ठरली, कारण ध्वनीचा उगम आणि कान यांच्या जागांची अदलाबदल केली तरी परिणाम तोच राहतो. वजन सुमारे १२ किलो असल्यामुळे हे एकट्याने जमले. जागा मिळाली ती डाव्या स्पीकरच्या बाहेरच्या बाजूला, शहाबादी फरशीवर.

सांध्यासाठी, म्हणजे ज्या स्वराच्या खाली सबवूफरने वाजायचे ती सीमा म्हणून, मी आधी ८० हर्ट्झ निवडले होते. आमच्या अॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरकडे जाणारे खालचे स्वर अडवण्याची सोय नाही, त्यामुळे ५० ते ८० हर्ट्झचा पट्टा दोघेही वाजवू लागले आणि डग्गा जड झाला. सांधा ६० हर्ट्झवर आणल्यावर तो मोकळा झाला. मग फेजचे, म्हणजे स्पीकर आणि सबवूफर यांच्या लहरींचे चढउतार एकाच वेळी जुळवण्याचे, काम उरले, आणि इथेच या सबवूफरचे मोल मला पटले. ६० हर्ट्झच्या लहरीची लांबी ५.७ मीटर असते, म्हणजे स्पीकर आणि सबवूफर यांच्या अंतरात एक मीटरचा फरक पडला तरी दोन लहरी एकमेकींपासून साठेक अंशांनी सरकतात. पूर्वी यासाठी एकाने मागे बसून बटण फिरवायचे आणि दुसऱ्याने ऐकायचे असे करावे लागे. येथे फोनवरील अॅपमधून खुर्चीत बसल्या बसल्या एकेक अंश बदलता येतो. ६० हर्ट्झचा सूर लावून तो सर्वांत भरदार वाजेल तिथे थांबायचे, एवढेच. फेज चुकलेला असताना थाप स्पीकरमधून आणि घुमारा जमिनीतून येतो असे वाटत होते. तो जुळताच दोन्ही एकाच हाताखालून येऊ लागले. तीस वर्षे तबला वाजवलेल्या माझ्या वडिलांनी हा फरक न सांगता ओळखला.

अॅपमध्ये पॅरामेट्रिक इक्वलायझरच्या, म्हणजे ठरावीक स्वरपट्टा निवडून त्याचा आवाज कमी-जास्त करण्याच्या सोयीच्या, तीन पट्ट्याही आहेत. मोजणीच्या मायक्रोफोनने आणि रूम ईक्यू विझार्ड या मोफत सॉफ्टवेअरने पाहिल्यावर आलेखात ४० हर्ट्झजवळ आवाजाचा उंचवटा दिसला, तो मी खाली आणला. आवाज कमी पडतो ते आलेखातले खड्डे मात्र भरायला जाऊ नये; तिथे लहरी एकमेकींना खोडतात, आणि कितीही ताकद ओतली तरी ती वाया जाते. खोलीचे दोष स्वतः मोजून सुधारणारी स्वयंचलित खोली-दुरुस्ती यात नाही, ही उणीव मी मोजतो. मोजणीची आवड नसलेल्याने ही गोष्ट खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावी.

एक व्यावहारिक अडचणही सांगितली पाहिजे. सबवूफर आणि अॅम्प्लिफायर वेगवेगळ्या सॉकेटवर असताना मंद घरघर येत होती. दोन्ही एकाच बोर्डावर घेतल्यावर ती थांबली, म्हणून दुरुस्तीसाठी कोणाला बोलावण्याआधी हे करून पाहावे.

जयपूर-अत्रौली घराण्याच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून केलेली ध्वनिमुद्रणे आमच्याकडे बरीच ऐकली जातात. त्यांत खर्ज जवळजवळ नसतोच आणि सबवूफर फक्त तबकडीची घरघर वाढवतो. अॅपमध्ये तीन वेगळे संच जतन करता येतात. त्यांतल्या एकात मी सबवूफरची पातळी अगदी खाली नेऊन ठेवली आहे, आणि वडील त्या तबकड्या लावायला सांगतात तेव्हा तोच संच निवडतो.